शाळेची घंटा आणि कापसाचा हंगाम

दसरा उलटला की खानदेशातल्या काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागतात. चोपडा, धरणगाव, पारोळा, शिंदखेडा, शिरपूर, कुठल्याही रस्त्याने निघा, दोन्ही बाजूंची वावरे पांढरी झालेली दिसतात. त्याच दिवसांत गावच्या प्राथमिक शाळेतली हजेरी रोडावू लागते. गुरुजी नाव पुकारतात आणि मागून एखादे पोर अहिराणीत उत्तर देते, "पोऱ्या वावरमा शे." गुरुजी मान हलवतात आणि पुढचे नाव घेतात. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत भाषा बदलते, उत्तर बहुधा तेच असते. कोणी वेचणीला गेलेला असतो, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी थांबलेली असते, कोणी यंत्रमागावर कामाला असलेल्या वडिलांचा डबा पोचवायला गेलेला असतो.

मुलाने शाळेत रोज यावे आणि वेळेवर यावे यासाठी काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे किमान दोनशे वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरेही बरीच देऊन झाली. छडी झाली, दंड झाला, तांदूळ झाला, रुपया झाला, शेवटी बोटाला शाईही लावून झाली. या उत्तरांचा इतिहास चाळला तर लक्षात येते की जवळपास प्रत्येक वेळी मुलाला शाळेच्या वेळेत बसवण्याचा प्रयत्न झाला. मुलाच्या घरचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे फार थोड्यांनी विचारले.

तळहातावरचे शून्य

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे सामान्यांसाठी शाळा नव्हत्याच, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठी मुलखात गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या आणि मशिदीच्या ओसरीवर मकतब भरत असे. या शाळा कशा चालत याचे बारकाईने केलेले एक वर्णन बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली लिहून ठेवले आहे. जिल्हा कन्नड आणि तेलुगू भाषकांचा, तरी त्याने मोजलेल्या ५३३ शाळांपैकी २३ मराठी आणि २१ फारसी होत्या.

तो सांगतो, शाळा सकाळी सहाच्या सुमारास भरे. जो मुलगा सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई. दुसऱ्याच्या हातावर शून्य. म्हणजे ना शाबासकी, ना ठपका. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढती. वक्तशीरपणा शिकवण्याची ही देशी पद्धत होती. मराठीतला 'उचलबांगडी' हा शब्दही याच जगातला. शाळा चुकवणाऱ्या मुलाला चार दांडगी पोरे हातपाय धरून उचलून पंतोजींपुढे आणून टाकत. आज हा शब्द आपण अधिकाऱ्यांच्या बदलीसाठी वापरतो.

छडीचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण त्याच अहवालात कॅम्पबेलने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती छडीपेक्षा महत्त्वाची आहे. शाळा कमी होत चालल्या आहेत, कारण लोक गरीब होत चालले आहेत, असे तो म्हणतो. विलायती कापड आल्याने इथल्या विणकरांची कमाई बुडाली. मध्यम आणि खालच्या थरातल्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, आणि मुलाच्या कोवळ्या हातापायांना जरा काम जमू लागले की घराला त्याच्या मदतीची गरज भासू लागली. कंपनी सरकारच्याच एका कलेक्टरने गैरहजेरीचे कारण मुलाच्या आळसात न शोधता कुटुंबाच्या पोटात शोधले होते. ज्यांचे वाडवडील हातमागावर बसत त्या मोमीन-अन्सारी घरांतल्या माझ्यासारख्या वाचकाला हा परिच्छेद वाचताना थांबावेसे वाटते.

रुळाच्या तुकड्याची घंटा

खानदेश १८१८ साली कंपनीच्या ताब्यात आला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले आणि सरकारी मराठी शाळा वाढू लागल्या. १८६० च्या दशकात रेल्वे आली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि गाडीची वेळ ही सगळ्यांची वेळ होऊ लागली. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ ठरली. त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, म्हणजे आजचे जळगाव एकीकडे आणि आजचे धुळे-नंदुरबार दुसरीकडे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि त्यावर लोखंडी दांडा मारला जाई. रेल्वेची वेळ अशी खेड्यातल्या पोरांच्या कानापर्यंत पोचली. त्याआधी सूर्य वर आला, की शाळा भरत होती.

घड्याळाबरोबर हजेरीपटही आला. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान हजेरी आणि परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. निकालावर अनुदान देण्याची तीच कल्पना मुंबई इलाख्यातही आणली गेली. हजेरी ही पैशाशी जोडली गेली. दिपोटी तपासणीला येणार म्हटले की गावात धावपळ उडे. कुठून कुठून पोरे गोळा करून बाकावर बसवली जात. पटावर मूल असणे आणि वर्गात मूल असणे या दोन गोष्टी तेव्हापासून वेगळ्या झाल्या, आणि पटाला किंमत जास्त आली.

जोतीरावांचे दोन शब्द

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच्या आधीचे वाक्य मात्र फारसे सांगितले जात नाही. शेतकरी आणि गरीब वर्ग मुलांना शाळेत का पाठवत नाही, याचे कारण त्यांनी सरळ दिले आहे. दारिद्र्य एवढे की गुरे राखायला आणि शेत सांभाळायला घराला मुलांचे हात लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या, म्हणजे शिकण्याची गोडी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. आधी प्रोत्साहन आणि मग सक्ती, हा त्यांचा क्रम आहे.

याच निवेदनात मुसलमानांबद्दलही एक निरीक्षण आहे. काही ठिकाणी मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, कारण त्यांना मराठी आणि इंग्रजीची आवड नाही, असे जोतीराव म्हणतात. एका मुस्लिम वाचकाने ही टीका मनाला लावून न घेता वाचावी. ती त्या काळाची वस्तुस्थिती होती आणि ती सांगणारा माणूस आपल्या बाजूचा होता. घरातली भाषा एक आणि शाळेतली दुसरी असेल तर मूल पहिल्या दिवसापासून मागे बसते, हे त्यातून समजून घ्यायला हवे. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांची अडचण यापेक्षा वेगळी नाही.

दंडाचा रुपया

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचे, खानदेशच्या उंबरठ्यावरचे. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. बडोद्याची हद्द सोनगडला नवापूरच्या बाजूने पश्चिम खानदेशाला भिडलेली होती. एका बाजूच्या आदिवासी पाड्यात मूल शाळेत न धाडणे हा गुन्हा होता, दुसऱ्या बाजूच्या पाड्यात त्याची कोणी विचारपूसही करत नव्हते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड त्यात होता. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याचा कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. या कायद्याचा आधार घेणाऱ्या मोजक्या नगरपालिकांत सुरत आणि वांद्रे यांच्याबरोबर आपल्या धुळ्याचेही नाव आहे.

दंडाचा हेतू चांगला होता. जमीनदार आणि सावकार पोरांना कामावर राबवतात, त्यांच्या हातून ती सुटावीत, ही त्यामागची इच्छा होती. पण दंड पालकाच्या खिशातून जातो आणि ज्याचे मूल कामावर जाते त्याचा खिसा आधीच रिकामा असतो. इंग्लंडमध्ये १८८० साली सक्ती आली तरी सुगीच्या आणि हॉप्स वेचण्याच्या दिवसांत तिथल्या खेड्यांतले वर्ग रिकामे पडत. मुख्याध्यापकांच्या जुन्या नोंदवह्या अशा तक्रारींनी भरलेल्या आहेत. ज्या साम्राज्याने आपल्याला घड्याळ दिले, त्याच्या घरच्या पोरांनाही हंगाम चुकला नव्हता.

तांदूळ, रुपया आणि शाई

स्वातंत्र्यानंतर दंड कागदावर राहिला आणि आमिष पुढे आले. १९९२ पासून महाराष्ट्रात पहिली ते चौथीच्या दुर्बल घटकांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता मिळू लागला. दर हजर दिवसाला एक रुपया. कोल्हापूरच्या कायद्यानंतर बरोबर ७५ वर्षांनी दंडाचा रुपया बक्षिसाचा झाला. जोतीरावांनी मागितलेली गोष्ट उशिरा का होईना मिळाली, असे कोणालाही वाटेल. फरक एवढाच की तो रुपया तीन दशकांनंतरही रुपयाच राहिला. कापसाची वेचणी किलोवर मोजून दिली जाते. दहा वर्षांची मुलगी आईच्या ओळीत उभी राहून जेवढे वेचते, त्याची मजुरी या रुपयाच्या कितीतरी पट होते. त्या आईला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे म्हणणे सोपे आहे. तिला हिशेब कळतो.

१५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहार योजना आली. सुरुवातीला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. गुरुजींच्या पेनाच्या टोकावर घरचा शिधा येऊन बसला. ७९ टक्के झालेल्या पोराची आई दारात उभी असताना कोणत्या गुरुजींचा हात थरथरला नसेल? पट पुन्हा एकदा खऱ्यापासून सुटला, या वेळी दयेपोटी. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि शाळेत खिचडी शिजू लागली. हा बदल मोठा होता. तांदूळ महिन्यातून एकदा घरी जात होता, खिचडी खायला मात्र रोज स्वतः यावे लागते. हजेरीसाठी आजवर केलेल्या उपायांत मला हा सर्वांत माणुसकीचा वाटतो, कारण त्यात मुलाला काहीतरी मिळते आणि कोणाला खोटे लिहावे लागत नाही.

खोटे लिहिणे इतरत्र चालूच राहिले. नांदेडला झालेल्या तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली गेली. पटावर असलेली लाखो मुले जागेवर सापडली नाहीत. दिपोटीच्या काळात उसनी पोरे बाकावर बसत होती. आता ती फक्त कागदावर बसत होती.

उशीर नेमका कोणाचा?

हजेरीची चर्चा नेहमी मुलाच्या नावाने होते. २००३ साली देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. सरासरी २५ टक्के शिक्षक त्या वेळी शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. आपल्या शिक्षकांसाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही सात शिक्षकांमागे एकाची खुर्ची रिकामी होती, आणि दोन शिक्षकी शाळेत एक खुर्ची रिकामी असणे म्हणजे दोन वर्ग वाऱ्यावर. मूल तीनदा वेळेवर आले आणि कुलूप पाहून परतले, की चौथ्यांदा ते उशिरा येते.

मोहल्ल्याचा दिवस तर वेगळाच असतो. फजरनंतर मुले मकतबात जातात, तिथून घरी येऊन घाईत चहा-पाव खातात आणि धावत शाळा गाठतात. धुळ्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत पाळी बदलते तेव्हा लहान घरातली सगळी माणसे जागी होतात. ज्या खोलीत बाप दिवसा झोपतो तिथे पोरगे अभ्यास कुठे करणार? २००६ च्या सच्चर समितीने सांगितले की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली. पूर्णवेळ मदरशात जाणारी होती जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे बाकीची मुले धर्मशिक्षणामुळे शाळेबाहेर राहिलेली नव्हती. ती कामावर, घरकामात किंवा रस्त्यावर होती.

घर, पोट आणि आरोग्य पाहून हजेरी वाढते याचे दाखले जगात आहेत. केनियात शाळेतल्या मुलांना जंतनाशक गोळ्या दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. गुरे चरत असत आणि शेजारी वर्ग भरत असे. जोतीरावांनी १८८२ साली सांगितलेली अडचण त्यांनी तशीच्या तशी मान्य केली आणि शाळा उचलून तिथे नेली.

वेळ बदलता येते

नियम म्हणजे नियम, शाळेची वेळ कशी बदलणार, असे अनेक जण म्हणतील. पण ती दरवर्षी बदलते. जळगावचा पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा शाळा सकाळच्या होतात. रमजानात उर्दू शाळा सकाळच्या सत्रात भरतात. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. उन्हासाठी, चंद्रासाठी आणि झोपेसाठी घड्याळ सरकते. कापसासाठी ते आजवर सरकलेले नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस शाळा भरली पाहिजे, एवढी अट आहे. ते दिवस कसे बसवायचे यावर जळगाव आणि धुळे जिल्हा परिषदांना विचार करता येईल. वेचणीच्या ऐन आठवड्यांत सकाळचे सत्र ठेवता येईल, बुडालेल्या मुलांसाठी जानेवारीनंतर जादा वर्ग घेता येतील, गुजरातकडे कामाला जाणाऱ्या सातपुड्यातल्या कुटुंबांसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीआधी उघडता येईल.

यात एक धोका आहे आणि तो लपवू नये. वेचणीसाठी वेळ बदलली, म्हणजे मुलांच्या मजुरीला शाळेने मान्यता दिली, असा अर्थ कोणी काढील. तो काढू देता कामा नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. वेचणीची मजुरी मोठ्यांना पुरेशी मिळाली तर पोराचे हात लागणारच नाहीत, ही या प्रश्नाची दुसरी आणि अवघड बाजू आहे. ती शाळेच्या हातात नाही. पण तोवर ज्या पोराचे चाळीस दिवस बुडतात त्याला आपण गमावायचे का? चाळीस दिवसांनी परत आलेल्या मुलाला फळ्यावरचे कळत नाही. ते मागे बसते, मग दिवसाआड येते, मग येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला खूप नंतर निघतो.

काही गोष्टींना सरकारी आदेशही लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यांनी एक साधी वही ठेवावी. हजेरीपटात हजर किंवा गैरहजर एवढेच कळते. या वहीत कारण लिहावे. वेचणी, भावंड, ताप, लग्न, मकतबातून उशीर, गुरुजी नव्हते. एका हंगामात कळेल की आपल्या गावाचे मूल नेमके कुठे अडते. भावंड हे कारण जास्त निघाले तर अंगणवाडीची वेळ शाळेला जुळवून घ्या. मकतब हे निघाले तर मौलाना आणि मुख्याध्यापक यांनी एकदा चहाला बसावे, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. लग्न निघाले तर मग बोट आपल्याकडेच वळते. मधल्या वारी वलीमा ठेवून साऱ्या मोहल्ल्याची पोरे रात्री बारापर्यंत जागवणारे आपणच असतो.

बेल्लारीच्या त्या शाळेत दुसऱ्या येणाऱ्या मुलाच्या हातावर शून्य लिहीत. तो कुठून आला, रात्री जेवला होता का, हे अहवालात नाही. दोनशे वर्षांनी निदान एवढी नोंद तरी आपण ठेवू शकतो.